‘थोड्या वेळानं तो खाली आला’ : एका साहस-कादंबरीतलं अर्धं वाक्य

माझ्या कादंबरीच्या हस्तलिखितात सहावं प्रकरण चढाईचं आहे. नायक पंधरा वर्षांचा, गावामागचा कडा साठेक फूट उंच, आणि त्या चढाईला मी साडेपाच पानं दिली होती. बोटं कुठं रुतली, गुडघा कुठं खरचटला, घार किती जवळून गेली, सगळं लिहिलं होतं. नायक माथ्यावर पोचतो, लांबवरचा राजहंसगड डोळे भरून बघतो, आणि पुढं वाक्य येतं : ‘थोड्या वेळानं तो खाली आला आणि घरी जाऊन जेवला.’

त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागापायी नववीतला एक मुलगा ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चिऱ्याच्या खाणीत पावणेदोन तास अडकून पडला. तो सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या आईवडिलांना विचारून हे लिहितो आहे. गावाचं आणि मुलांची नावं देत नाही.

वाचनाचा शनिवार

बेळगावच्या पश्चिमेच्या पट्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो. आमची मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात, बसच्या पाट्या कन्नडमध्ये वाचतात आणि मोबाईलवर हिंदी ऐकतात. मराठी पुस्तक म्हणून त्यांच्या हाती पडतं ते बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकच. बेळगावात 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, आणि त्यांच्या ग्रंथदिंडीत हीच मुलं लेझीम खेळत पुढं असतात. पण चौदा वर्षांच्या मुलाला खाली ठेववणार नाही आणि ज्यात त्याच्या ओळखीची माती असेल, असं पुस्तक शोधायला गेलं की आमच्या शाळेचं कपाट दोन मिनिटांत संपतं. म्हणून मी स्वतःच लिहायला बसलो.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की नऊ मुलं मागं थांबायची. लिहून झालेल्या प्रकरणाच्या झेरॉक्स मी वाटायचो आणि आळीपाळीनं मोठ्यानं वाचन चालायचं. जूनपासून दसऱ्यापर्यंत सात प्रकरणं झाली. मुलांनी खूप दुरुस्त्या केल्या. नायकाची आई त्याला ‘अरे, काय करतो आहेस?’ म्हणायची, ते त्यांनी पहिल्याच दिवशी खोडलं. ‘काय करूलालास रे’ असं म्हणते की आई, म्हणाले. भाताच्या खाचरातून मे महिन्यात नायकाला चिखल तुडवायला लावला होता, तोही त्यांनीच पकडला. चढाईच्या प्रकरणात मात्र कुणी एक अक्षर बदललं नाही. सगळे श्वास धरून ऐकत होते आणि त्या शांततेचा मला फार आनंद झाला होता.

या नऊ जणांतला एक वाचताना अडखळायचा. जूनमध्ये एक पान वाचायला त्याला दहा मिनिटं लागायची. सहावं प्रकरण त्यानं घरी नेलं आणि तीनदा वाचलं. हे मला नंतर त्याच्या आईनं सांगितलं.

खाणीतली दुपार

आमच्याकडं जांभा दगडाचे चिरे काढलेल्या जुन्या खाणी ठिकठिकाणी आहेत. खाण बंद पडली की पावसाचं पाणी साठतं, कडेला घाणेरी आणि करवंद माजतं, आणि उभी भिंत तशीच राहते. त्या भिंतीवर चिरे कापल्याच्या आडव्या खुणा एकाखाली एक असतात. लांबून बघितलं तर शिडीच लावून ठेवल्यासारखी वाटते. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्याउन्हानं टणक होतो, हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. त्याच्या अंगात भोकं असतात, त्यात दोन बोटं नेमकी बसतात. पण वर्षानुवर्षं पाणी झिरपलेल्या भिंतीत वरचा पापुद्रा तेवढा टणक आणि आतली पिवळी माती भुसभुशीत, असंही असतं. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वीच पडून गेला होता.

मुलगा, त्याचा एक मित्र आणि शेजारची त्याच्याच वर्गातली मुलगी असे तिघं तिथं गेले. तो चप्पल काढून चढला. सहाव्या प्रकरणातला नायकही अनवाणी चढतो. साधारण अठरा फुटांवर खाणकामगारांनी सोडलेला एक कट्टा आहे, एक माणूस टेकून बसेल एवढा. तिथपर्यंत तो सरसर गेला. वर आणखी आठ फूट उरले होते, पण तिथं भिंत पुढं झुकलेली, माती आणि मुळं लोंबणारी. वर जाता येणार नाही हे त्याला कळलं. मग खाली यायला म्हणून त्यानं पोट भिंतीला लावून एक पाय सोडला, खालची खाच चाचपली, आणि ज्या चिऱ्याच्या कडेवरून तो वर आला होता ती कडाच पायाखाली निखळली. त्यानं कसाबसा स्वतःला कट्ट्यावर ओढून घेतलं. दोन नखं उलटली.

वर जाणं आणि खाली येणं यांत काय फरक असतो, तो त्या क्षणी त्याला पुरता समजला. चढताना पुढचा आधार डोळ्यांसमोर असतो. हात लावून, ओढून बघता येतो, मग भार टाकायचा. उतरताना डोळे वर राहतात आणि पाय खाली जातात. मध्ये आपलंच पोट आडवं येतं. पाऊल आंधळेपणानं टाकावं लागतं आणि टाकल्या टाकल्या त्यावर सगळा देह जातो. त्यात माणूस घाबरला की पोटरी आपोआप थडथडायला लागते. ती हातानं दाबून धरली तरी थांबत नाही.

मित्र रस्त्याकडं पळाला. मुलगी खालीच थांबली आणि पावणेदोन तास त्याच्याशी बोलत राहिली. काय बोललीस, असं मी तिला नंतर विचारलं. सोमवारच्या गणिताच्या पेपरातले सगळे प्रश्न तिनं त्याला विचारून घेतले होते.

जवळच्या रानातून एक म्हातारे शेतकरी आले. कन्नड बोलणारे, मराठी समजणारे. गवताच्या गंजीला लावायची कळकाची शिडी आली. ती कट्ट्याच्या चार-पाच फूट खालीच संपत होती. वरून कुणीतरी झाडाला बांधून नाडा सोडला, तो मुलानं काखेखालून गुंडाळून घेतला. म्हातारबाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, “तम्मा, केळग नोडब्याड. कालु ननग कोडु.” बाळा, खाली बघू नकोस, पाय माझ्याकडं दे.

मुलानं पाय दिला. त्यांनी टाच तळहातात धरली, डावीकडं वीतभर सरकवली, भिंतीतल्या एका भोकात अंगठा बसवला आणि वरून थोपटलं. मग दुसरा पाय. “निधान, निधान.” सावकाश, सावकाश. तीन पावलं अशी झाली आणि चौथं शिडीवर पडलं.

मी पोचलो तेव्हा तो खाली बसून पाणी पीत होता आणि मुलगी त्याच्या चपला हातात घेऊन उभी होती.

मुलगा काय म्हणाला

रविवारी त्याच्या घरी गेलो. मनात सगळी तयारी करून गेलो होतो : ती गोष्ट आहे, गोष्टीतलं खरं मानून असं करायचं नसतं, वगैरे. आईनं चहा दिला आणि म्हणाली, “सर, पोरगं पुस्तक घेऊन बसतंय म्हणून मी किती आनंदात होते.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मुलगा आतून आला. बोटांना पट्ट्या. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “सर, उतरायचं कसं ते पुस्तकात न्हाईच की. मी वर बसून आठवूलालतो. सगळं आठवलं, घार पण आठवली. उतरायचं कुठंच न्हाई.”

मी घरी येऊन हस्तलिखित काढलं. साडेपाच पानं आणि अर्धं वाक्य. त्या मुलानं माझं पुस्तक चुकीचं वाचलं नव्हतं. इतकं लक्षपूर्वक माझं लेखन आजवर कुणी वाचलं नसेल. तो कट्ट्यावर बसून माझ्या वाक्यांतून वाट शोधत होता आणि मी तिथं वाट ठेवलीच नव्हती.

शाळेत बैठक झाली. एका पालकाचं म्हणणं होतं, असली पुस्तकं बंदच करा, अभ्यास बरा. दुसऱ्यांनी सुचवलं की सुरुवातीला सूचना टाका, हे प्रयोग घरी करू नयेत. मुख्याध्यापकांनी मला सहावं प्रकरण काढायला सांगितलं, तेही रागानं नव्हे, काळजीनंच. तिघांच्याही काळजीला मान देऊन मी तिन्ही गोष्टींना नाही म्हणालो, आणि आजही ते नाही मला बरोबर वाटतं. या वयाचं पोर चढणारच. आंब्यावर चढेल, पाण्याच्या टाकीवर चढेल, धबधब्याच्या कातळावर पावसाळ्यात चढेल. पुस्तकातून कडा काढला म्हणून गावामागचा कडा जात नाही. सूचना तर मुलं वाचतच नाहीत, आणि वाचली तरी तिच्यातून पाय कुठं ठेवायचा ते कळत नाही. धोका काढून टाकण्यापेक्षा तो नीट, खरा, पूर्ण लिहायला हवा होता. तो मी अर्धाच लिहिला होता. मला दसऱ्याच्या सुट्टीपुरता वेळ मिळाला, त्यानंतर शाळा पुन्हा बघणार असं ठरलं.

परतीचे दोर

सुट्टीत मी स्वतःलाच विचारत राहिलो की उतरण्याचं का सुचलं नाही. मी काही घाईत लिहिलं नव्हतं. ते वाक्य चार वेळा फिरवून फिरवून लिहिलेलं मला आठवतं. तरी उतरणं म्हणजे काही घडणं आहे, असं मला एकदाही वाटलं नाही.

उत्तर मुलांनीच दिलं. सुट्टीतही सहा जण आले होते. चढाईची कुठली गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा माहीत झाली, असं विचारल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, तानाजी. 1670 चा कोंढाणा, रात्र, घोरपड, दोर, कडा. आमच्याकडं ही गोष्ट लांबची नाही. चंदगड तालुक्यातला पारगड इथून सहलीच्या अंतरावर आहे, तानाजींचे पुत्र रायबा तिथले पहिले किल्लेदार होते असं परंपरेनं सांगतात, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. त्या गोष्टीचा कळस कुठला? सूर्याजी पळणाऱ्या मावळ्यांना अडवतो आणि सांगतो, दोर केव्हाच कापून टाकलेत. त्यातूनच आपल्या भाषेत ‘परतीचे दोर कापणे’ रुजलं. जिद्द सांगायची झाली की आपण हेच म्हणतो. निरोप समारंभाच्या भाषणात मी मुलांना हे दरवर्षी सांगत आलो आहे.

रणात ते खरंच होतं. तिथं खाली जाणं म्हणजे हरणं होतं. पण कड्यावर गेलेल्या पोराला हेच शिकवलं तर परतीचा दोर म्हणजे त्याचा जीव, तोच आपण कापतो. पन्नास वर्षांच्या माणसाच्या हाडांत ती गोष्ट अशी भिनली होती की कादंबरी लिहितानाही माथ्यावर पोचताक्षणी माझी लेखणी थांबली.

मग खाणीत थांबलेली ती मुलगी म्हणाली, “सर, हिरकणी उतरली होती. चढली न्हवती.”

वर्गात काही क्षण कुणी बोललं नाही. हिरकणीची गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि आहेच ती तशी. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि गवळण रात्रीची कडा उतरून गेली. ज्या ठिकाणाहून ती उतरली तिथं बुरूज बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं, असं सांगतात. पण ती गोष्ट उतरण्याची आहे याकडं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. मराठीत उतरण्याची एवढी मोठी गोष्ट असताना मी तिच्यावरून अर्ध्या वाक्यात पुढं गेलो होतो. त्या दुपारी आम्ही फळ्यावर दोन रकाने केले आणि हिरकणीला उतरताना काय काय दिसलं नसेल ते लिहीत बसलो. अंधार, खालचं पाऊल, झुडपाचं मूळ पक्कं की कुजकं. दिसलं काय असेल, या रकान्यात एकच गोष्ट आली : हाताजवळचा दगड.

एव्हरेस्टचा भाग

कादंबरीच्या उत्तरार्धात माझा नायक नेपाळच्या बाजूनं एव्हरेस्टवर जात होता. पंधराव्या वर्षी. प्रकरण संपत होतं शिखरावर, हातात झेंडा. तिथंही उतरणं नव्हतं.

आधी वयाची चूक सापडली. नेपाळ सोळा वर्षांखालच्यांना परवाना देत नाही. मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी शिखरावर पोचली तेव्हा चौदाचीही पुरी नव्हती, पण ती तिबेटच्या बाजूनं गेली होती. तेलंगणातल्या शेतमजुरांची ही मुलगी. तिचं पहिलं शिक्षण भोंगीरच्या कातळावर झालं, मग दार्जिलिंगच्या हिमालयन गिर्यारोहण संस्थेत, मग लडाखच्या थंडीत. मुंबईची काम्या कार्तिकेयन 20 मे 2024 ला नेपाळकडून गेली, तेव्हा ती सोळाची होती. आमच्या मुलांना ही नावं माहीत होती. भोंगीर माहीत नव्हतं, कारण बातमीत शिखराचा फोटो येतो, सरावाच्या कातळाचा येत नाही.

मग मी त्यांना परत फिरलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या. गोरान क्रॉप हा स्वीडनचा गिर्यारोहक 1995 च्या ऑक्टोबरात घरून सामान घेऊन सायकलवर निघाला. सायकलवर, हे ऐकून सगळे पुढं सरकून बसले. नेपाळपर्यंत सायकल मारत तो आला, आणि 1996 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, कृत्रिम प्राणवायू न घेता, शिखरापासून साधारण शंभर मीटरपर्यंत पोचला. शंभर मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकापासून बसथांब्याएवढं. आणि तो फिरला, कारण उशीर झाला होता आणि अंधारात उतरावं लागलं असतं. पुढच्याच आठवड्यात, 10 मे रोजी, बरेच जण परतायची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही वर जात राहिले. उतरताना वादळानं गाठलं आणि त्या दोन दिवसांत एव्हरेस्टवर आठ जणांचा जीव गेला. क्रॉप 23 मे रोजी पुन्हा चढला आणि शिखरावर पोचून परत आला.

नेपाळच्या तेंबा त्शेरीची गोष्ट मुलांना त्याहून जवळची वाटली, कारण तो त्यांच्याच वयाचा होता. 2000 साली, पंधराव्या वर्षी, शिखराच्या तोंडाशी येऊन त्याला परतावं लागलं आणि हिमदंशानं त्यानं हाताची बोटं गमावली. पुढच्या वर्षी, सोळाव्या वर्षी, तो पोचला.

“मग आपला नायक फिरूंदे की,” एक जण म्हणाला. लगेच दुसरा उसळला, “एवढं वाचून पोचला न्हाई तर पैसे परत मागतील लोक.” हा वाद तीन शनिवार चालला. मी त्यात पडलो नाही. पण त्या वादातूनच माझ्या लक्षात आलं की ज्या पर्वताचा बर्फ मी हातात धरून बघितलेला नाही, त्यावरून परतायची वाट मी खरी लिहू शकणार नाही. एव्हरेस्ट मी कादंबरीतून काढलं. चार महिन्यांचं काम गेलं. कथा आता गावामागच्या कड्यापासून सुरू होते आणि त्याच कड्याखाली संपते.

बदामी

जानेवारीत पालकांची लेखी संमती घेऊन, एका अनुभवी प्रशिक्षकाबरोबर सात मुलांना बदामीला नेलं. बागलकोट जिल्ह्यातली बदामी चालुक्यांच्या लेण्यांसाठी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथल्या लाल वालुकाश्मावर चढाई शिकायला देशभरातून तरुण येतात. खाणीतला मुलगा आला होता. त्याच्या आईनं सही करताना मला विचारलं, “उतरायला शिकवतात न्हवं?”

पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी कुणाला कातळाला हात लावू दिला नाही. फिगर ऑफ एटची गाठ प्रत्येकाकडून वीस वेळा बांधून घेतली, डोळे मिटून, मग दुसऱ्यानं बांधलेली तपासून. मग ते म्हणाले, समोरच्या तिसऱ्या लेण्यात 578 सालचा शिलालेख आहे, म्हणजे हा दगड चौदाशे वर्षं कोरीव काम धरून आहे, पण पाऊस पडून गेला की यावर आम्ही चढत नाही, कारण भिजलेला वालुकाश्म ताकद सोडतो. खाणीतल्या मुलानं माझ्याकडं बघितलं.

दुपारी तो दोर लावून चाळीस फूट चढला. दोराचं दुसरं टोक त्या मुलीच्या कमरेला, तिच्या हार्नेसला. खाली उभं राहून दोर सांभाळणं, याला बिले म्हणतात, आणि सगळी चढाई त्यावर असते. तिचं वजन सदतीस किलो, त्याचं एक्कावन्न. म्हणून तिला मागं एका दगडाशी बांधून ठेवलं होतं. तिसाव्या फुटावर त्याचा पाय निसटला. दोर ताणला गेला, ती जागच्या जागी वीतभर वर उचलली गेली, मागची पट्टी ताठ झाली, आणि तो हवेत थांबला. तिच्या दोन्ही मुठी दोरावर आवळलेल्या होत्या. ती काही ओरडली नाही. नजर वर, त्याच्या पायांवर. मग म्हणाली, “उजवा पाय खाली, जरा आत. तिथं खोबणी हाय.”

मला कादंबरी तिथं सापडली. त्याचे पाय त्याला दिसत नाहीत, तिला दिसतात. खाणीत म्हातारबाबांनी जे हातानं केलं ते ती शब्दांनी करत होती. माझा नायक एकटाच कड्यावर पाठवला, हीच मूळ चूक होती. एकटा चढणारा मुलगा लिहायला सोपा जातो, कारण त्याच्या मनातलं सगळं सांगता येतं. पण एकट्या माणसाच्या गोष्टीत उतरणं आलं की काही बोलण्यासारखं उरत नाही, आणि मग लेखक अर्ध्या वाक्यात त्याला घरी पाठवतो. दोराच्या दोन टोकांना दोन माणसं असली की उतरणंच जास्त बोलकं होतं. चढणारा खाली आवाज देतो, खालचा वर सांगतो, मध्ये वारा असतो, ऐकू येत नाही, पुन्हा विचारावं लागतं. ‘ढील दे’ आणि ‘ताण’ या दोन शब्दांवर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

आता सहावं प्रकरण

आता चढाई तीन पानांची आहे आणि उतरण सात पानांची. सांगणारी आहे मुलगी. नायकाला माथा मिळतो, पण ती माथा बघत नाही, तिला तो खालून दिसतच नाही. त्याचा आनंद तिला दोर एकदम सैल झाल्यावरून कळतो. मग ती घड्याळ बघते. सूर्य कड्याआड जायला किती वेळ आहे ते दोघांनी चढायच्या आधीच ठरवलेलं असतं. या सात पानांतला जवळपास प्रत्येक शब्द खाणीतल्या मुलानं तपासला. मी एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘त्यानं सावकाश पाय खाली नेला.’ त्यानं ‘सावकाश’ खोडलं. “सर, सावकाश न्हाई जात. थडथडतंय. थांबायचं, थडथड गेली की मग.” ते तसंच छापायचं ठरलं आहे.

शाळेनं प्रकरण वाचलं आणि शनिवारचं वाचन पुन्हा सुरू झालं. विरोध करणाऱ्या पालकांचं मत बदललेलं नाही, त्यांचा मुलगा आता थांबत नाही. तो वाचनात बरा होता आणि मला त्याची उणीव भासते. आणखी एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. बदामीला जाऊन आल्यावर मुलांना चढायची भूक लागली आहे, आणि इथं जवळपास हार्नेस, दोर आणि शिकवणारं माणूस नेहमीसाठी उपलब्ध नाही. मी त्यांना चढणं नीट काय असतं ते दाखवलं आणि खाण अजून तिथंच आहे. दर पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन खाणीच्या काठावर जातो, भिंतीचे कुठले तुकडे निखळलेत ते त्यांनाच शोधायला लावतो. एवढंच सध्या हातात आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं ते प्रकरण घेऊन म्हातारबाबांच्या रानात गेलो. कादंबरीतही एक म्हातारबाबा आहेत आणि ‘कालु ननग कोडु’ हे वाक्य त्यांच्याच तोंडी आहे, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय ठेवणं मला बरं वाटेना. मुलगा मराठीतून वाचत होता आणि अडेल तिथं मुलगी कन्नडमध्ये सांगत होती. पूर्वी ज्याला एका पानाला दहा मिनिटं लागायची त्यानं सात पानं एका दमात वाचली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, बाकी बरोबर आहे, एक चूक आहे. तुम्ही लिहिलंय, म्हाताऱ्यानं शिडी खांद्यावर टाकून आणली. शिडी माझ्या सुनेनं आणली. डोक्यावरून, बांधावरून पळत. मला ती उचलवत नाही.

सून गोठ्याच्या दारात उभी होती. मुलानं पेन मागितलं आणि तिथंच बांधावर बसून ओळ बदलली.